हिराने केलेली भरपाई

नवऱ्याला सांगितलं नाही, तो गेला. सासूला सांगितलं नाही, तीही गेली. मुलाला सांगायची हिंमतच झाली नाही. म्हणजे आज हे पहिल्यांदाच माझ्यातून बाहेर पडतंय — आणि तेसुद्धा तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. ओळखत असता तर हेही लिहिलं नसतं.

आम्ही माहीमचे कोळी. खाडीच्या तोंडाशी आमची वस्ती. भोवती टॉवर उभे राहिले, आत गल्ल्या त्याच आहेत. आमच्यात एक रीत होती — अजून आहे, थोडीफार. कोणी कोणाचं नुकसान केलं तर पोलिसात जायचं नाही. संध्याकाळी देवळापुढे पाटील आणि पंच बसायचे. ज्याच्या हातून चूक झाली त्याने सगळ्यांसमोर उभं राहून ती आपल्या तोंडाने सांगायची. मग ज्याचं नुकसान झालं त्याला विचारायचे, तुला काय हवं? चुकलेल्या माणसाने त्या घरी जाऊन राबायचं. जाळं शिवून द्यायचं, होडी रंगवून द्यायची, जे असेल ते. समोरचा ‘पुरे’ म्हणेपर्यंत. एकदा पुरे म्हटलं की तो विषय संपला, पुन्हा कोणी काढायचा नाही. एकाच खाडीवर पोट भरायचं तर एकमेकांकडे पाठ करून किती दिवस राहणार?

चांगली रीत आहे. तिला नावं ठेवायला मी बसलेली नाही.

हिरा माझी शेजारीण. भिंतीला भिंत लागून घरं. दोन्ही घरांमागे थोडी मोकळी जागा, तिथे बोंबील सुकवायला बांबू बांधलेले. कुठल्या बांबूपर्यंत कोणाची हद्द, यावरून आमची कायम कुरबुर. मला तेव्हा पाचवा महिना होता. लग्नानंतर खूप वर्षांनी राहिलेलं — घरात सगळे मला फुलासारखं जपत होते. सासूने बजावून ठेवलं होतं, वाकायचं नाही, पाटी उचलायची नाही आणि माळ्यावर तर अजिबात चढायचं नाही.

त्या दिवशी सकाळी मी हिराचे बोंबील काढून पाटीत टाकले आणि तिथे माझे लावायला घेतले. ती आली. “बाजूला हो गो सुमे,” म्हणाली, आणि खांद्याला हात लावून मला सारलं. सारलं म्हणजे — कसं सांगू? बाजारात पुढच्या बाईला आपण सारतो, तितकंच. मी एक पाऊल मागे गेले. उभीच होते. नळावरच्या बायकांनी बघितलं. मग ती पाटी डोक्यावर घेऊन दादरच्या मार्केटला गेली, तिथे तिची बसायची जागा होती.

इथपर्यंत सगळं खरं आहे. इथपर्यंतचं मी कोणालाही सांगते.

दुपारी मला दवाखान्यात नेलं. मूल गेलं. मुलगी होती म्हणाले, मी बघितली नाही. सासू कॉटच्या पायाशी उभी होती. रडत नव्हती, नुसती बघत होती. मग तिने विचारलं, “झालं कसं हे?”

मी म्हणाले, “हिराने ढकललं.”

बस, एवढंच. दोन शब्द बोलायला कितीसा वेळ लागतो?

मी थोडी बरी झाल्यावर बैठक बसली. हिरा उभी राहिली. “हात लावला, पन ढकललं नाय,” म्हणाली. नळावरच्या बायका म्हणाल्या, आम्ही बघितलंय. खोटं नव्हतं ते, बघितलं होतंच त्यांनी. मग हिराने माझ्याकडे पाहिलं. मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसले. ती किती वेळ बघत होती मला ठाऊक नाही, कारण मी मान वर केली नाही. शेवटी तिचा आवाज आला — “माझा हात लागला. माझ्याच हातून झालं असंल.”

तुम्ही म्हणाल, तेव्हा बोलता आलं असतं. हो. आलं असतं.

पाटलांनी मला विचारलं, बाय, तुला काय हवं? सासूनेच सांगितलं, हिने आता माझ्या सुनेला लेकीसारखं सांभाळावं. हिराने मान हलवली.

दुसऱ्या सकाळपासून ती यायला लागली. पाणी तापवायची, मला न्हाऊ घालायची, तांदळाची भाकरी आणि पातळ कालवण करून समोर बसून जेवायला लावायची. तिला स्वतःची दोन पोरं होती, त्यांचं करून मग माझं. मार्केटला जायची वेळ माझ्यात जायची. दादरची तिची जागा दुसऱ्या बाईने धरली. ती परत मिळाली नाही. पुढे हिरा माटुंग्याला कॉलनीत भांडी घासायला लागली. आमच्यात बाई स्वतःची मासळी विकते, चार गिऱ्हाइकांना सुनावते, तिच्यावर घर चालतं. हिराने आयुष्यभर लोकांची खरकटी काढली.

आणि ‘पुरे’ म्हणणं माझ्या हातात होतं. का म्हणाले नाही? आधी भीती होती, इतक्या लवकर पुरे म्हटलं तर कोणाला संशय येईल. पण नंतर? नंतर मला ते आवडायला लागलं होतं. लग्न होऊन आल्यापासून माझ्या डोक्यावरून कोणी हात फिरवला नव्हता. हिरा केस विंचरायची, विंचरताना गप्पा मारायची. कधी भाकरी थापता थापता मध्येच थांबायची आणि स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत राहायची. मी ते बघायचे. बघून म्हणायचे, भाकरी करपेल गो. शेवटी सासूलाच तिची दया आली आणि तिनेच पुरे म्हटलं.

आता त्या दुपारबद्दल. इतकी वळणं घेतली, आता सांगते.

हिरा मार्केटला गेल्यावर मी रागाने धुमसत होते. ती यायच्या आत मागच्या सगळ्या बांबूंना माझीच दोरी बांधून टाकायची, असं डोक्यात घेतलं. दोरी माळ्यावर होती. सासू बाजारात, नवरा समुद्रावर. मी शिडी लावली. वर गेले, दोरी काढली. उतरताना पाय सटकला आणि मी पोटावर पडले.

एवढंच असतं तर मी कदाचित कधीतरी बोलले असते. पण पडल्यावर, पोटात कळा येत असताना, मी उठले. दोरी परत वर फेकली. शिडी उचलून भिंतीशी जागेवर ठेवली. मग दारात येऊन बसले आणि हाका मारायला सुरुवात केली. कोणाला तरी दोष द्यायचा, हे तेव्हाच मनात होतं का? मला माहीत नाही. शिडी मात्र मी ठेवली, हे माहीत आहे.

मग मला मुलगा झाला. हिरा त्याला खेळवायला यायची. लोक म्हणायचे, बघा, वैर गेलं आणि मैत्रीण मिळाली. खरंच मिळाली. आजही माझ्या घरात काही गोड झालं की पहिली वाटी तिच्याकडे जाते.

गेल्या वर्षी दोन भावांचं होडीवरून वाजलं. एक पोलिसात जायला निघाला होता. पाटलांनी बैठक बोलावली. हल्ली पंचांत बायकाही असतात, मीही असते. तरणी पोरं हसत होती — भांडी घासून, जाळी शिवून कुठे भरपाई होते काय? तेव्हा कोणी न सांगता हिरा उठली. म्हातारी झालीय, भिंतीला धरून उठली. म्हणाली, “होते. माझ्या हातून हिचं मूल गेलं. हिने मला घरात घेतलं. आज ती माझी बहीण हाय.” दोघे भाऊ रडले, त्यांचं मिटलं. सगळे माझ्याकडे आदराने बघत होते. मी पंचांच्या रांगेत बसले होते. बसूनच राहिले.

घरी येताना हिराने माझा दंड धरला होता, तिला आता अंधुक दिसतं. तिच्या दाराशी पोचल्यावर ती थांबली. “सुमे, इतकी वर्षं विचारीन म्हनते. मला खरंच आठवत नाय गो. लय जोरात ढकललं होतं का मी?”

गल्लीत कोणी नव्हतं. तिने विचारलंच होतं. मला फक्त उत्तर द्यायचं होतं.

मी म्हणाले, “नाय गो. जोरात नव्हतं.”

“बरं वाटलं,” ती म्हणाली, आणि माझ्या गालावरून हात फिरवून आत गेली. तिने कडी लावल्याचा आवाज आला. मग मीही घरात गेले, आणि भात टाकला.