वरच्या आळीला गेलेला मेल

वाचकांच्या गूढ अनुभवांचं हे सदर मी बरीच वर्षं वाचते. वाचते आणि सोडून देते. रस्त्यात हात दाखवणारी बाई, बंद खोलीतले आवाज... माझा यातल्या कशावरही कधी विश्वास बसला नाही. आमच्या घरात देवपूजासुद्धा नवरा करतो. मी ऑफिसात काम करणारी बाई. जे कागदावर आहे ते झालं, जे कागदावर नाही ते झालंच नाही, एवढंच मला कळतं.

अडचण अशी आहे की मी जे सांगणार आहे ते कागदावर आहे. त्याची प्रिंट माझ्या कपाटात आहे.

मी बिरवाडीला राहते, महाडच्या औद्योगिक वसाहतीला लागून. एका कंपनीत ऑफिस असिस्टंट आहे. माहेर पोलादपूरच्या वर, घाटाच्या रस्त्याला लागल्यावर आत डोंगरात. वाडीचं नाव देत नाही, कारण माणसं अजून त्याच भागात आहेत. वाडीच्या दोन आळ्या. खालची रस्त्याजवळ, आणि वरची पार डोंगराच्या पोटाला, अकरा घरांची. आमचं घर वरच्या आळीतलं शेवटचं. आई गेल्यापासून तिथे वडील एकटेच राहायचे. आम्ही त्यांना तात्या म्हणतो.

वाडीच्या नोटिसा मेलने पाठवायचं काम माझ्याकडे होतं. व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप होता, पण त्यात भांडणं फार व्हायची, आणि कामाचा निरोप फुलांच्या फोटोंखाली गाडला जायचा. म्हणून ठरलं की महत्त्वाचं असेल ते मेलने, घरटी एक पत्ता. बऱ्याच घरांचा पत्ता मुंबईतल्या मुलाचा. तो वाचायचा आणि घरी फोन करून सांगायचा. तात्यांच्या घराचा पत्ता म्हणून मी माझाच दिला होता.

त्या जुलैत, एका सोमवारी, ऑफिसात काम कमी होतं म्हणून मी ही पत्त्यांची यादी नीट करायला घेतली. तोपर्यंत सगळे एकत्रच होते. मी तीन गट केले – वरची आळी, खालची आळी, मुंबईकर. म्हणजे गटाचं नाव टाकलं की मेल बरोबर तेवढ्याच लोकांना जाणार. नावं दुरुस्त केली. जुने पत्ते काढले. मग प्रोग्रामनेच दाखवलं की एक पत्ता दोनदा आहे. एकदा ‘तात्या’ म्हणून, एकदा माझ्या नावाने. दोन्ही एक करू का, असं विचारलं. मी ‘हो’ केलं. राहिलं फक्त माझं नाव. आपणच पाठवलेला मेल आपल्यालाच परत येतो याचा मला कंटाळा होता, म्हणून मी ते नावही वरच्या आळीतून काढून टाकलं. तात्यांना काय, मी रोज फोन करतेच.

गटात दहा नावं राहिली. यादी किती स्वच्छ दिसत होती! मला बरं वाटलं होतं.

बुधवारी अर्धा दिवस रजा घेतली. दाढ काढायची होती. तीनला कंपनीतून निघाले. कॉम्प्युटर बंद केला, केबिनला कुलूप लावलं, चावी गेटवर दिली, रजिस्टरला सही केली. चार वाजता मी महाडला डेंटिस्टच्या खुर्चीत होते, अर्धं तोंड बधिर. संध्याकाळी तात्यांना फोन केला तेव्हा मला नीट बोलताही येत नव्हतं.

तात्या म्हणाले, “पाऊस लय हाय गो इकडं. तू बोलू नको. दाताचं बघ.”

एवढंच. तेच शेवटचं बोलणं.

गुरुवारी सकाळी साडेदहाला ऑफिसात सुरेशदादाचा फोन आला. सुरेशदादा म्हणजे वरच्या आळीतला आमचा शेजारी. त्याची जीप आहे.

“अगो, कुठं हायस तू? हॉलला तर कुलूप हाय.”

“कुठला हॉल?”

“कुठला म्हंजे? पोलादपूरचा! तूच बोलावलंस ना सगळ्यांना? जीपच्या तीन खेपा मारल्या मी. म्हातारी माणसं, पोरं, सगळी भिजत उभी हायत इथं.”

मी म्हटलं, “दादा, मी कुणालाच बोलावलेलं नाही.”

तो चिडला. त्याने फोनवर मेल वाचूनच दाखवला. मी ऐकता ऐकता माझा सेंट फोल्डर उघडला. तिथे तो होता. बुधवार, दुपारचे चार वाजून दहा मिनिटं. गट, वरची आळी.

मजकूर मला पाठ आहे. ‘पाण्याच्या योजनेचे फॉर्म भरण्यासाठी उद्या गुरुवारी सकाळी दहा वाजता पोलादपूरला हॉलवर यावे. घरटी फोटो काढायचे असल्यामुळे लहान मुलांसह सर्वांनी हजर राहावे. कोणीही घरी थांबू नये. आधारची झेरॉक्स.. आणावी. जनावरे दावणीला न ठेवता मोकळी सोडून यावे.’ खाली माझं नाव. ‘झेरॉक्स’च्या पुढे मी सवयीने दोन टिंबं देते, तीसुद्धा होती.

पाण्याच्या फॉर्मसाठी गुरं कशाला सोडायची, हे तेव्हा ना त्यांच्यापैकी कुणाच्या डोक्यात आलं, ना माझ्या. पाण्यासाठी आळी इतकी वर्षं खेपा घालत होती... बोलावल्यावर सगळे आले.

मी माफी मागितली. काहीतरी चूक झाली, म्हणाले. मागून बायकांचा आवाज येत होता – एवढ्या पावसात फुकटचा हेलपाटा, हिला काय कळतं का! सुरेशदादा म्हणाला, आता वडापाव खातो आणि पाऊस जरा हटला की सगळ्यांना वर सोडतो.

मी विचारलं, “तात्या आलेत?”

“नाय. तात्या नाय आले.”

आणि मला – हे लिहायलाच हवं – मला बरं वाटलं. निदान तात्यांना तरी भिजायला लागलं नाही, असं वाटलं.

पाऊस हटला नाही. बाराच्या सुमाराला वरचा डोंगर खाली आला. खालच्या आळीतल्या लोकांनी फक्त आवाज ऐकला. मोठा ट्रक उलटावा तसा, पण तो थांबेचना, असं ते सांगतात. वरच्या आळीची अकराच्या अकरा घरं गेली. घरात एकच माणूस होतं.

मी कंपनीच्या गाडीने पोलादपूरला पोचले तेव्हा सगळी आळी स्टँडवर एका कोपऱ्यात बसली होती. कोणी रडत नव्हतं. मला बघून सगळे उठून उभे राहिले. सकाळी मला शिव्या देणाऱ्या एका बाईने माझे पाय धरले. मी तिला उठवलं नाही. उठवायला हवं हे मला सुचलंच नाही. मी तिच्या डोक्यावरच्या प्लास्टिककडे बघत राहिले. त्यावर खताच्या कंपनीचं नाव होतं, ते मी वाचत होते.

तात्या दुसऱ्या दिवशी दुपारी सापडले. ओळख मीच पटवली. सगळ्यांची गुरं दोन दिवसांनी रानात चरताना मिळाली, एकूण एक.

त्यानंतर मी काय केलं, तर ऑफिसला गेले. आमच्या कंपनीत कॉम्प्युटर बघणारा एक माणूस आहे, हुशार आहे. त्याला बसवून सगळं तपासलं. मेल बाहेरून गेलेला नव्हता. माझ्याच टेबलावरच्या मशीनवरून गेला होता, जे तेव्हा बंद होतं. गेटचं रजिस्टर पाहिलं. चावी तीन वाजता जमा, दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत कुणी उचललेली नाही. दुपारी चार ते पाच कॅमेऱ्यात रिकामा पॅसेज. तो माणूस म्हणाला, “मॅडम, तुम्हीच आधी लिहून वेळ लावून ठेवला असेल. आठवत नसेल.” तसं असतं तर त्याची नोंद दिसली असती. त्यानेच शोधली, मिळाली नाही. मग तो म्हणाला, झालं ते चांगलंच झालं ना, अकरा घरांची माणसं वाचली.

दहा, मी म्हटलं.

तेराव्याला जनाकाकी आली. जनाकाकी म्हणजे सुरेशदादाची आई. पोलादपूरला भाड्याच्या खोलीत राहत होती. इतके दिवस ती माझ्यासमोर येत नव्हती. सगळे जेवून गेल्यावर ती माझ्याजवळ बसली.

“तुला येक सांगायचं हाय. राग धरू नको.”

“बोला ना काकी.”

“त्या दिवशी मी तात्याला हाक मारायला गेले होते. चल म्हटलं, सगळी निघालीत, तुझ्या लेकीनं बोलावलंय. तर तो म्हणला, माझं नाव हाय का त्यात? सुरेशनं मोबाइल काढून बघितलं, सगळ्यांची नावं वाचून दाखवली. तुझ्या बापाचं नव्हतं.”

मी समोरची ताटं एकात एक ठेवली.

“मी म्हटलं, नसू दे, चुकून राह्यलं आसंल. तर म्हणला, ती नाय चुकायची. तिनं नाव घातलं नाय म्हंजे माझं तिथं काम नाय. जा तुमी.” काकीने पदर तोंडाला लावला. “हसत होता गो. अभिमानानं बोलत होता. मी अजून ओढला आसता तर...”

मी काकीला पाणी दिलं. तिला रिक्षापर्यंत सोडून आले. परत येऊन भांडी घासली. मला रडू यायला हवं होतं. ते आजवर आलेलं नाही. डॉक्टर म्हणतात, येईल.

तेव्हापासून मी एकाच गोष्टीचा विचार करते. तो मेल कोणी पाठवला हे मला माहीत नाही. पण ज्याने पाठवला त्याने माझी यादी घेतली, आणि ती बरोबर आहे असं धरलं. त्याला डोंगराचं कळलं होतं. गुरांचं कळलं होतं. तात्यांचं कसं कळलं नाही? की त्याच्याही हातात तेवढंच होतं – मी सोमवारी नीट करून ठेवलेली दहा नावं?

तुम्ही म्हणाल तुझी आई असेल, देवी असेल. वाडीत तेच म्हणतात. म्हणू देत. आई असती तर तिने तात्यांना मागे ठेवलं असतं का?

काम मी सोडलेलं नाही. दुसरं कोणी करायला तयार नाही. आता गट वापरत नाही, एकेक नाव हाताने टाकते. मागच्या महिन्यात नव्या घरांच्या जागेसाठी एक मीटिंग होती. मी मेल पाठवला, घरटी एकाने यावे. ठरलेल्या वेळी हॉलवर गेले तर सगळी आळी आलेली. तान्ही बाळं, काठी टेकणारी माणसं, खोल्यांना कुलपं लावून सगळे. मी सुरेशदादाला म्हटलं, एकेकच बोलावलं होतं ना? तो म्हणाला, “तू मेल पाठवलास ना. मग मागं कोन थांबनार?”

हा मेल खरंच मी पाठवला होता, हे मी त्यांना सांगितलं नाही. त्यांनीही विचारलं नाही. मी दारात उभी राहून एकेकाचं नाव घेतलं, सगळे आत आहेत याची खात्री केली, आणि मग दार लोटून घेतलं.