साडूंच्या संगणकातला भुंगा

धुळे जिल्ह्यात कुठेही कसलाही आवाज झाला, तर तो आधी माझ्या थोरल्या साडूंच्या कानावर जातो आणि मग ज्याच्या घरात झाला त्याला कळतो, अशी माझी पक्की खात्री आहे. थोरले साडू म्हणजे माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचे यजमान. मी त्यांना आबा म्हणतो आणि माझ्या त्या मेहुणीला, सगळे म्हणतात तसं, अक्का. आबांची सगळी नोकरी नरडाण्याकडच्या एका सूतगिरणीत गेली. तिथे यंत्रांचा असा गदारोळ की शेजारच्या माणसाशी बोलायचं तरी हातवारे करावे लागत. एवढ्या गोंगाटात आयुष्य काढलेल्या माणसाचे कान खरं तर निकामी व्हायचे. आबांचे उलट परजून निघाले. निवृत्त होऊन ते धुळ्याला देवपुरात राहायला आले आणि आपल्या वाट्याची जन्मभराची तुंबलेली शांतता आपल्याला आता एकदम मिळाली पाहिजे, असा त्यांनी हट्टच धरला.

एकदा ते जळगावला आमच्याकडे जेवायला आले होते. शेवभाजीचा पहिला घास तोंडाशी नेला आणि तसाच ताटात ठेवला. म्हणाले, "भाऊ, तुमच्या कपाटात काहीतरी वाजतंय." आम्हाला कुणालाच काही ऐकू येत नव्हतं. पण आबा उठले, कपाटाला कान लावून खालपासून वरपर्यंत सरकत गेले आणि माझ्या बायकोच्या जुन्या पैठणीच्या घडीतून तिचं हरवलेलं मनगटी घड्याळ बाहेर काढून दिलं. त्या दिवसापासून बायको त्यांच्या कानांना देव मानते. मी मानत नाही, कारण शिंदखेड्याच्या बसमध्ये मी त्यांच्याबरोबर होतो. "मागच्या चाकात काहीतरी कटकट करतंय," म्हणून त्यांनी भर रस्त्यात बस थांबवायला लावली. ड्रायव्हर उतरला, कंडक्टर उतरला, चार प्रवासी चाकाखाली वाकले. शेवटी कळलं की आबांच्या मागच्या सीटवर बसलेली एक म्हातारी फुटाणे खात होती. बस तर थांबलीच होती. ती मात्र खातच होती.

अशा माणसाच्या घरात त्याच्या मुलीने बंगळुरूला जाताना आपला जुना संगणक ठेवून दिला, इथून या कथेला तोंड फुटलं. उन्हाळ्याच्या सुरुवातीला आबांचा मला फोन आला. मी कचेरीत दिवसभर संगणकासमोर बसतो, तेव्हा त्याच्या पोटातलं मला सगळं कळत असणार, अशी नातेवाइकांची समजूत आहे. आबा म्हणाले, "भाऊ, मी याच्यावर अक्काची कानबाईची गाणी भरून ठेवतोय. पण मधे भुंगा बोलतो." श्रावणात खानदेशात घरोघर कानबाई ही देवी बसते. तिची गाणी म्हणावीत ती अक्कानेच, असं त्यांच्या सगळ्या गल्लीचं मत. मी विचारलं, "कसला भुंगा?" तेव्हा त्यांनी फोन स्पीकरला लावला. जळगावात मला घूंऽऽऽ ऐकू आलं.

मी सांगितलं, मोबाइल लांब ठेवा, माइकची वायर बदला, ती लाइटच्या वायरीपासून दूर घ्या. हे त्यांनी केलं, आणि तेवढ्यावर थांबले नाहीत. संगणकाचा डबा गोधडीवर ठेवला. त्याच्या आतला पंखा आवाज करतो म्हणून तो काढला आणि डबा तापू नये म्हणून स्वतः समोर बसून विणलेल्या पंख्याने त्याला वारा घालू लागले. फ्रिज बंद केला, दूध नासलं. ट्यूबलाइट काढून माळ्यावर टाकली. मग संशय गल्लीवर गेला. दुपारी घरोघर जाऊन, "ताई, अर्धा तास मिक्सर नका लावू," अशी विनंती करू लागले, त्यामुळे त्या बाजूला काही दिवस चटणी पाट्यावर वाटली गेली म्हणतात. आणि एके दिवशी सकाळी त्यांचा विजयी फोन आला. "भाऊ, सापडलं! मेन स्विच बंद करा का आवाज बंद! म्हणजे दोष घरातच शे."

मी म्हटलं, "आबा, मेन स्विच बंद केल्यावर संगणक चालू होता का?"

पलीकडून मेन स्विच खटकन लावल्याचा आवाज आला. मग, "तुम्ही रविवारी याच," म्हणाले.

रविवारी मी गेलो. आबा टेबलाखाली होते, फक्त पाय दिसत होते. मी स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेलो आणि अक्काला हसत हसत म्हटलं, "गाण्यांची एवढी कसली घाई लागलीय यांना? श्रावणाला अजून अवकाश आहे."

अक्का कांदा चिरत होती. मान वर न करता ती म्हणाली, "तुमले नई सांगं का त्यास्नी? मना गळामां गाठ शे. साधीच शे म्हने डॉक्टर, पन काढनी पडी. आवाजनी शिर तठेच शे. आवाज बदलू बी शकस." सुरी थांबवून तिने माझ्याकडे पाहिलं. "मना घोर नका करा भाऊ. यास्ना करा. मी झोपनू तरी मना गळाकडे देखत बसतस."

मी पाण्याचा पेला तसाच खाली ठेवला. तेव्हा तिनेच विषय बदलला आणि चिरायला पुढचा कांदा ओढावा इतक्या सहज म्हणाली, "आनि त्या डब्बाले हात लावा का मुंग्या येतस. मी कव्हयनी सांगस, पन आयकस कोन?"

मी बाहेर आलो, संगणकाच्या डब्याच्या पत्र्याला बोट लावलं, आणि झिणझिण्या आल्या. वायरमनला बोलावलं. त्याने बोर्ड उघडला, वायर धरत धरत न्हाणीघरापर्यंत गेला आणि म्हणाला, "घराचं अर्थिंग नळाच्या लोखंडी पाइपाला बांधलेलं होतं. तो पाइप कुठाय?" लोखंडी पाइप नव्हताच. वीज जमिनीत उतरायची ती वाटच तोडून त्या जागी प्लास्टिकचा पाइप बसवलेला होता. "हा कुणी बदलला?" वायरमनने विचारलं. आबा छताकडे पाहू लागले. "लोखंडी पाइप कण्हायचा," ते हळूच म्हणाले. अक्का इतकी हसली की तिला भिंत धरावी लागली.

दुसऱ्या दिवशी अंगणात खड्डा खणून नवं अर्थिंग झालं. मी रजा टाकून थांबलोच होतो. आबांनी संगणक लावला, कानाला हेडफोन लावला आणि डोळे मिटले. भुंगा गेला होता. त्यांनी खिडक्या लावल्या, छताचा पंखा बंद केला, आणि धुळ्याच्या त्या उन्हाळ्यात आम्ही तिघं घामाने निथळत बसलो. आबांनी बोटाने खूण केली. अक्काने तोंड उघडलं आणि मिटलं. पुन्हा उघडलं, पुन्हा मिटलं. मग पदराने तोंड पुसत म्हणाली, "कानबाईनं गानं कोनी एकटं म्हनस का?"

आबांनी हेडफोन काढून ठेवला. मग उठले, चपला घातल्या आणि ज्या घरांतले मिक्सर त्यांनी बंद पाडले होते त्याच घरांत जाऊन बायकांना बोलावून आणलं. त्या आल्या त्या बांगड्या वाजवत, एकमेकींना ढकलत, एकीच्या कडेवर रडकं नातवंड. खिडक्या उघडल्या गेल्या, पंखा घरघरू लागला, कुणाच्या तरी घरात कुकरची शिटी झाली. अक्काने सूर लावला, बाकीच्यांनी उचलला आणि गाणं मोकळं झालं. मी आबांकडे पाहत होतो. आता थांबवतील, मग थांबवतील. त्यांनी कुणालाही थांबवलं नाही. सगळी गाणी होईपर्यंत ते संगणकाच्या पडद्याकडे तोंड करून, आमच्याकडे पाठ करून बसले होते.

ऑपरेशन नीट झालं. गाठ साधीच निघाली. काही दिवस अक्काला बोलायची बंदी होती. आवाज परत आला तो मात्र जाडसर, थोडा घोगरा. वरचा सूर लागेना. श्रावणात कानबाई बसली तेव्हा ती बायकांच्या मधोमध बसली, पहिली ओळ हळू आवाजात सांगायची आणि म्हणायचं काम शेजारणींवर सोपवायची. तिने त्याचं फार मनाला लावून घेतलंय असं दिसलं नाही.

परवा कामानिमित्त धुळ्याला गेलो, तसा त्यांच्याकडे डोकावलो. आबा संगणकासमोर हेडफोन लावून बसले होते, पापण्या मिटलेल्या, मांडीवर बोटं हलकेच ताल धरत होती. स्वयंपाकघरातून अक्काने त्या नव्या जाड आवाजात हाक मारली, "अहो, चहा थंडा व्हई राह्यना." त्यांना ऐकू गेलं नाही. तिने पुन्हा हाक मारली. तरीही नाही. मी त्यांना हलवायला हात पुढे करणार होतो, एवढ्यात ती स्वतःच पदराला हात पुसत बाहेर आली, त्यांच्या मागे उभी राहिली आणि हेडफोन एका कानावरून अलगद बाजूला केला.

"मी आठे शे," स्वतःकडे बोट दाखवत ती म्हणाली.

आबांनी दचकून वर पाहिलं. मग तिचं ते जुनं गाणं अर्ध्यात बंद केलं, खुर्ची तिच्याकडे वळवली आणि म्हणाले, "बोल."