गालाला लावलेला हात

नव्वदच्या दशकात मी जुन्नरहून डॉक्टरकीच्या विद्यार्थ्यांना मालिश शिकवायचो, तेही पोस्टाने. एक छापील धडा आणि सोबत कॅसेट. विद्यार्थ्यांचं तोंड कधी पाहिलं नाही.

पहिली कॅसेट मी मोठ्या ऐटीत घाटघरच्या एका मावशींना ऐकवली. बाळ-बाळंतिणींना तेल लावण्यात त्यांची हयात गेली होती. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "समदं बराबर हाय भाऊ, पन हात कवा शेकायचा ते न्हाई सांगितलं."

तेल लावण्याआधी त्या तळहात निखाऱ्यावर शेकायच्या आणि स्वतःच्या गालाला लावून बघायच्या. मला रागच आला. दाब, दिशा, स्नायू, सगळं सांगितलं होतं की! तरी चरफडत पुन्हा रेकॉर्डिंग केलं.

बऱ्याच वर्षांनी छातीत दुखतं म्हणून दवाखान्यात गेलो. तरुण डॉक्टरीणबाईंनी स्टेथोस्कोप तळहातावर चोळला, स्वतःच्या गालाला लावून पाहिला आणि मगच माझ्या छातीवर ठेवला.

"हे कुणी शिकवलं?" मी विचारलं.

"कॉलेजात असताना पोस्टानं कॅसेट यायची. त्यातल्या सरांनी."

"सरांनी नाही, घाटघरच्या एका मावशींनी," मी म्हणालो. "सर तर रागावले होते."