डाव्या बाह्या

मास्तरांना साखर होती, पण तिची त्यांनी कधी फिकीर केली नाही. "माझ्या रक्तातच गोडी आहे, म्हणून तर गिऱ्हाइकं मुंग्यांसारखी येतात," असं म्हणून ते चहात आणखी एक चमचा घालायचे आणि बायकोकडे बघून डोळा मिचकावायचे. ती शिलाई मशीनवर बसल्या बसल्या कपाळाला हात लावायची. गोळ्या आठवल्या तर घेतल्या, नाही तर राहिल्या. चाळिशीतल्या माणसाला सांगायला जावं, तर तोच आपल्याला शहाणपण शिकवतो!

शिंप्याचं दुकान दोघांचं. मास्तर कापायचे, ती शिवायची. मास्तरांची काळी, जड कात्री कुणी कागदाला जरी लावली तरी ते दुकान डोक्यावर घ्यायचे.

पन्नाशी उलटली तसं काहीतरी बिनसायला लागलं. बोलता बोलता शब्द अडायचा. गिऱ्हाइकाला कपडे न्यायला दिलेला वार विसरायचे आणि वर त्याच्याशीच हुज्जत घालायचे. मग एकदा एका कोटाच्या दोन्ही बाह्या डाव्याच निघाल्या. कापड दुमडून कापलं की एक डावी, एक उजवी आपोआप निघते. मास्तर दुमडायलाच विसरले होते. ही चूक शिकाऊ पोरं पहिल्या आठवड्यात करतात आणि टपली खाऊन सुधारतात. मास्तरांचं तर उभं आयुष्य कापण्यात गेलेलं.

बायकोने उरलेल्या तुकड्यांतून जोड देऊन उजवी बाही केली आणि गप्प बसली. झाकली मूठ सव्वा लाखाची. पुन्हा तसंच झालं, पुन्हा तिने झाकलं. वाया गेलेल्या बाह्या ती मशीनखालच्या पिशवीत कोंबत गेली.

मग शाळेच्या कोटांचं काम आलं. एवढं मोठं काम दुकानात पहिल्यांदाच आलं होतं. मास्तरांनी थरावर थर मांडून एका दमात सगळं कापलं. ती शिवायला बसली. एक बाही उचलली, डावी. दुसरी, डावी. तिने अख्खी थप्पी उपसली, सगळ्या डाव्याच.

"अहो, इकडे या जरा."

मास्तरांनी बाह्या उलटून पालटून पाहिल्या. "उजव्या कुठे ठेवल्यास?" असं म्हणत ते स्वतःच शोधायला वाकले आणि मशीनखालची पिशवी त्यांच्या हाताला लागली.

त्यांनी ती टेबलावर उपडी केली, तर तिच्यातही डाव्याच बाह्या.

"कधीपासून गं?"

"वर्ष झालं."

"आणि मला बोलली नाहीस?"

"काय बोलणार होते मी तुम्हाला?" ती रडायलाच लागली.

शाळेने काम काढून घेतलं. डॉक्टरांनी रक्त तपासलं, डोक्याचा फोटो काढला आणि म्हणाले, "इतकी वर्षं साखर मोकाट होती. मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्यांची वाट लागलीय. गेलं ते आता येणार नाही, उरलंय ते सांभाळू. वर्षभर आधी का नाही आलात?" ते विचारत होते मास्तरांना. मान खाली गेली ती बायकोची.

दुकानात आल्यावर मास्तरांनी कात्री तिच्या हातात ठेवली. "आजपासून तू काप. मी बटणं लावतो. आणि यापुढे माझ्यापासून काही लपवायचं नाही. शपथ घे."

तिने घेतली.

दुसऱ्या सकाळी मास्तर कानाला खडू अडकवून टेबलाशी उभे. "अगं, माझी कात्री कुठंय?"

तिने सगळं सांगितलं. त्यांचा चेहरा पडला, अगदी पिशवी सापडली तेव्हा पडला होता तसाच. त्यांना हे सगळं पहिल्यांदाच कळत होतं. तिसऱ्या सकाळी तेच, चौथ्याही सकाळी तेच. रोज नव्याने कळायचं आणि रोज नव्याने माणूस मोडायचा.

पाचव्या सकाळी त्यांनी विचारलं, "अगं, माझी कात्री कुठंय?"

कात्री तिच्या मांडीवरच्या कापडाखाली होती.

"धार लावायला दिलीय," ती म्हणाली. "तोवर बटणं लावा."

"बरं झालं, बोथट झालीच होती," म्हणत मास्तर खुशीत बटणांचा डबा घेऊन बसले.