घर नंबर पंधरा ऑगस्ट सत्तेचाळीस

बग मिटला की मिटला. किस्सा मात्र सांडलेल्या चहासारखा पसरत जातो, आणि आमच्या हैदराबादेतल्या कुकटपल्लीच्या ऑफिसात चहाला तोटा नाही!

आम्ही घरपोच डब्यांचं सॉफ्टवेअर बनवतो. आमचा प्रोग्रॅम आणि डेटाबेस यांच्यामध्ये ओआरएम नावाचा एक दुभाषी बसलेला असतो. डेटाबेसला आकडा हवा असताना त्याने अक्षरं पुढे केली की ‘टाइप कास्ट एरर’! आमचा निम्मा जन्म त्यातच गेलाय.

*

‘किती तिखट?’ या रकान्यात एक ते पाच यांतला आकडा हवा. एका बाईंनी लिहिलं, ‘मेरी सास जितना.’ सिस्टम ठप्प!

आमच्या श्रीनूने तोडगा काढला. आकडा नसेल तिथे सरळ पाच! मी म्हटलं, “अरे, असं कसं?”

“सास है ना अन्ना, पाँच के नीचे कैसे आती?”

दुसऱ्या दिवशी बाईंचा फोन आला. “पहली बार बराबर बनाए!”

*

मग आला ‘डबा पोचला का?’ हा रकाना. त्याला फक्त हो किंवा नाही कळतं. पण ॲपकडून ‘नाही’ हा शब्द गेला आणि दुभाष्याने विचार केला, रकान्यात काहीतरी लिहिलंय ना, मग ‘हो’च! डबे स्वयंपाकघरात, आणि स्क्रीनवर सगळे पोचलेले.

आमचे मॅनेजर राव सर तणतणत आले. “सब को पहुँच गया बोल रा, फिर मैं भूका कायकू हूँ?”

सुजाता वाघमारे ही टीममधली सगळ्यात नवी. ती मला हळूच म्हणाली, “दादा, माझी आईपण अशीच. नको म्हटलं की दोन पोळ्या जास्त!”

डब्यांपुरता तो घोळ तिनेच निस्तरला.

*

पण सुजाता अजून प्रोबेशनवर होती. त्याच दुभाष्याच्या जिवावर चालणाऱ्या स्टाफच्या सिस्टममध्ये, तिच्या नावापुढे ‘पक्की?’च्या रकान्यात राव सरांनी स्वतः ‘नाही’ टाइप केलेलं. डेमो नीट झाला तर नोकरी, नाहीतर नमस्कार! घरात कमावणारी ती एकटीच, त्यामुळे तिच्यापेक्षा मलाच जास्त धडधडत होतं.

डेमोला डब्यांच्या मालकीणबाई आल्या. त्यांना सगळे खाला, म्हणजे मावशी, म्हणतात. त्यांनी गौलीगुड्यातल्या बहिणीचा घर नंबर दिला, 15-8-47.

स्क्रीनवर उमटलं, ‘घर नंबर: 15 ऑगस्ट 1947’!

श्रीनू पुटपुटला, “रीस्टार्ट?”

खालांनी चष्मा सावरला. “घर तो तबीच का है. मगर डब्बा आज होना!”

सुजाताला हसू फुटलं आणि ती घाबरायचं विसरली. ती गौलीगुड्यातच वाढलेली, असले घर नंबर लहानपणापासून बघितलेले. दुभाषी नंबराला तारीख समजलाय हे तिने तिथल्या तिथे ओळखलं. रकाना साध्या मजकुराचा केला, पत्ता पुन्हा भरला आणि डबा निघाला.

जेवणाच्या वेळेला खालांच्या बहिणीचा फोन आला, “आ गया, गरम है!” आम्ही बाकं बडवली.

राव सर उभे राहिले. “सुजाता, कल से तुम पक्की!”

“सर, स्टाफ के सिस्टम में तो मैं पहले दिन से पक्की हूँ,” ती म्हणाली. “आप ‘नहीं’ लिखे थे ना!”