बाई मरेपर्यंत पडदा नाही

“‘सोशिक’ काढ.”

“ताई, राहू दे ना. ते असतंच.”

माझा धाकटा भाऊ सुरेश मोबाईलवर आत्याच्या निधनाची बातमी तयार करत होता. पलासिया भागातल्या जाहिरातवाल्यानं मजकूर आयताच पाठवला होता. फक्त नाव भरायचं.

बायकांचा मजकूर वेगळा, पुरुषांचा वेगळा.
बाबांच्या वेळी ‘कर्तबगार’ होतं.

कुमुदआत्या समोर जमिनीवर होती. त्याच सकाळी गेली होती.

“‘त्यागमूर्ती’ पण काढ.”

“अगं, मग उरलं काय? क्या लिखूँ?”

मला लहानपणीचं एक नाटक आठवलं.

मध्य प्रदेश तेव्हा नवा होता. राजधानी आमच्या शहराला न मिळता भोपाळला गेली म्हणून बाबा अजून जेवताना कुरकुरत. मल्हारगंजातल्या आमच्या मराठी मंडळाचं गणपतीत दरवर्षी एक नाटक व्हायचं. लिहायचे आप्पाजी, बसवायचेही तेच.

त्यांच्या नाटकात बायका दोनच प्रकारच्या. एक नवऱ्याला नादी लावायची, तिला लिपस्टिक. दुसरी बायको. ती शेवटच्या अंकात मरायची.

आत्या कायम बायको.

“कुमुदबाईंचा चेहराच सोशिक आहे,” आप्पाजी म्हणायचे.

आत्या मुलींच्या शाळेत गणित शिकवायची. तिच्या नवऱ्यानं मानपूरला दुसरं घर केलं होतं, म्हणून ती आमच्याकडेच राहायची. गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. आप्पाजींनाही.

त्या वर्षीच्या नाटकात नवरा दुसरीला सोडून परत येतो आणि बायको त्याच्या पायांवर प्राण सोडते.

तालमीत आत्यानं विचारलं, “आप्पाजी, ही मरते कशानं?”

“दुःखानं.”

“तो परत आल्यावर?”

“कुमुदबाई, पब्लिक रडलं पाहिजे.”

“दुःखानं नाही हो मरत कुणी. मी रोज उठून शाळेत जाते.”

तालीम पुढे सुरू झाली.

प्रयोगाला मी सतरंजीवर, अगदी पुढे.

पडद्याची दोरी विठूकाकांकडे. त्यांना खूण ठरवून दिलेली. आत्याचा हात जमिनीवर पडला की पडदा पाडायचा.

आत्या नवऱ्याच्या पायांवर कोसळली.
हात वरच राहिला.

“शालिनी, मला सोडून जाऊ नकोस!” नवरा म्हणाला.

हात वरच.

त्यानं वाक्य पुन्हा म्हटलं. मग खाली वाकून, हळू, पण पुढच्यांना ऐकू येईल असं, “कुमुदताई, मरा ना.”

मागून कुणीतरी ओरडलं, “अरे भिया, परदा गिराओ!”

विठूकाका विंगेतून तितक्याच जोरात, “बाई मरेपर्यंत पडदा नाही!”

हशा.

आत्या उठून बसली. पदर झटकला.

“पाडा हो पडदा. मला सकाळी शाळा आहे.”

आणि चालत विंगेत गेली.

पुरुष शिट्ट्या मारत होते. बायकांच्या बाजूला कुणी हसलं नाही.

मंडळानं सांगितलं, तिला ताप होता. घरानंही तेच सांगितलं. पुढच्या वर्षी बायको दुसरीच कुणी झाली आणि वेळेवर मेली.

आत्याला पुन्हा बोलावणं आलं नाही. तालमीचे आवाज आमच्या घरापर्यंत यायचे. ती खिडकी लावून पेपर तपासायची.

काल हे सगळं मी सुरेशला सांगितलं. आत्या ऐकत असल्यासारखी हळू आवाजात.

तो हसला. “क्या बात है! हे मला माहीतच नव्हतं.”

मग त्यानं एक ओळ वाढवली. ‘रंगभूमीवर सोशिक पत्नीच्या भूमिका गाजवल्या.’

“छान वाटेल ना, ताई?”

मी मोबाईल मागितला. तोवर त्यानं मजकूर पाठवून दिला होता.

शेजारच्या बायका आल्या. एक म्हणाली, “किती शांत दिसतायत. कधी उलटून शब्द नाही बोलल्या हो.”

सगळ्यांनी मान हलवली. मी कुणाकुणाला सांगणार होते?

मी आत्याच्या हाताकडे बघत बसले.
हात जमिनीवर होता.

आत्या, तुला शेवटचा नमस्कार.

आज सकाळी पेपर आला. ‘सोशिक’ दोनदा छापलंय.