उजवीकडचा खालचा कोपरा

छपाई म्हणजे शाईचा धंदा, असं बाहेरच्या माणसाला वाटतं. वाटू दे. आतल्या माणसाला विचारलंत तर तो सांगेल की हा कागद वाया न घालवण्याचा धंदा आहे. एका मोठ्या तावावर दातांच्या डॉक्टरचं कार्ड, शिंप्याच्या चिठ्ठ्या, बाटल्यांची लेबलं, शाळेच्या पावत्या असं वीस-पंचवीस जणांचं काम शेजारीशेजारी मांडायचं, एकदाच छापायचं, आणि मग कापून ज्याचं त्याला द्यायचं. ही मांडणी करणं सोम्यागोम्याचं काम नाही. पातं एकदा कागदावर पडलं की या कडेपासून त्या कडेपर्यंत सरळ जातं. मध्ये थांबत नाही, वळत नाही, कुणाची भीडभाड ठेवत नाही. एक चौकोन चुकीच्या जागी बसवला तर शेजारच्या चौघांच्या माना उडतात.

या गोष्टीतल्या माणसाचं सगळं आयुष्य ही मांडणी करण्यात गेलं. कंपनीत लहानथोर सगळे त्यांना तावमामा म्हणत. आधी काचेच्या टेबलावर फिल्म चिकटवून आणि पुढे कॉम्प्युटरवर माउस फिरवून, अशी एकतीस वर्षं ते ताव भरत आले होते. कंपनीचे छापखाने तीन शहरांत होते, पण तिन्हीकडचे ताव तयार व्हायचे ते मामांच्या मागच्या खोलीत. या कामात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. कागदावर बोटभर जागा रिकामी दिसली की त्यांच्या घशात काटा अडकायचा. मालक म्हणायचे, या माणसाला घर बांधायला देऊ नका, दाराला जागा सोडायचा नाही.

अशा या माणसाच्या तावांवर गेली तीन वर्षं एक जागा मोकळी सुटत होती. सगळ्या तावांवर नव्हे. दुसऱ्या शहरातल्या छापखान्याकडे जाणारा जो दुपारचा ताव असायचा, फक्त त्याच्यावर, उजवीकडे खाली, एक कार्ड मावेल एवढी. त्या छापखान्यात कटिंगच्या मशीनवर मामांची लेक होती.

लेक आधी इथेच होती, बापाच्या खोलीपासून वीस पावलांवर, कटिंगला. मामा मांडायचे आणि ती कापायची. हातातलं काम संपलं की ती दारातून डोकं आत घालून विचारायची, "बसलं का?" आणि मामा मान वर न करता म्हणायचे, "बसलं." बापलेकीचं दिवसभरातलं बोलणं बहुतेक एवढंच, पण दोघांनाही ते पुरायचं. घरी आई होती, ती दोघांच्या वाटचं बोलायची.

मग आई आजारी पडली. अकरा दिवस हॉस्पिटलात होती. लेकीनं रजा टाकली आणि खाटेशेजारी बसून राहिली. मामा सकाळी जायचे, संध्याकाळी जायचे आणि मधल्या वेळात ताव भरायचे. अकराव्या दिवशी दुपारी अडीच वाजता लेकीचा फोन आला.

"बाबा, निघा. आईचा श्वास नीट चालत नाहीये."

"एवढा ताव संपवतो, निघतोच," मामा म्हणाले.

तेवीस कामं बसली होती. चोविसावं, एका किल्लीवाल्याचं कार्ड, काही केल्या बसत नव्हतं. त्यांना कुणी धरून ठेवलं नव्हतं. तो ताव दुसऱ्या दिवशी गेला असता तर आभाळ कोसळणार नव्हतं. पण माणूस घाबरला की ओळखीच्या कामाच्या आडोशाला जाऊन लपतो, आणि मामा घाबरले होते. लेबलं आडवी करून पाहिली, पावत्या वर नेल्या, पुन्हा खाली आणल्या. ते हॉस्पिटलात पोचले तेव्हा पावणेपाच झाले होते. बायको चारला गेली होती.

लेक बाहेरच्या बाकावर आईच्या चपला मांडीवर घेऊन बसली होती. बाप समोर येऊन उभा राहिला तेव्हा तिनं वर पाहिलं आणि विचारलं, "बसलं का?"

मामांच्या तोंडून निघून गेलं, "बसलं."

सवय होती हो. इतक्या वर्षांची सवय, दुसरं काही नाही. पण जे तोंडातून गेलं ते गेलं. लेक उठली आणि आत निघून गेली. त्यानंतर ती बापाशी बोललीच नाही. महिन्याभरात तिनं दुसऱ्या शहरात बदली मागून घेतली. फोन लावला तर वाजून वाजून बंद व्हायचा. मामा एकदा उठून तिकडे गेलेसुद्धा. छापखान्याच्या फाटकाशी तासभर उभे राहिले आणि आत न जाता परतीच्या गाडीत बसले.

परत आल्यावर त्यांनी पहिल्यांदा तो कोपरा सोडला. एक दुकानदार पुढच्या तावावर ढकलला आणि त्या जागी बारीक अक्षरांत लिहिलं, "खोली बरी मिळाली का? पंखा आहे का?" कापताना तो तुकडा वेगळा निघणार, लेकीच्या हातात येणार आणि मग रद्दीच्या पोत्यात जाणार. मालकाच्या कधी लक्षातही आलं नसतं. मग दुसऱ्या दिवशी लिहिलं, तिसऱ्या दिवशी लिहिलं. "आज भात करपला." "शेजारच्यांनी भिंत रंगवली, रंग बघवत नाही." "आईची शाल उन्हात घातली होती." ताव पाचशे छापायचा असेल तर ते वाक्यही पाचशेदा छापलं जायचं. जन्मभर एका शब्दात भागवणारा बाप आता एकेक गोष्ट पाचशे वेळा सांगत होता.

एकच लिहीत नव्हते. त्या दुपारबद्दल तीन वर्षांत एक अक्षर नाही. करपलेल्या भातावर लिहिलं, नळाच्या तोटीवर लिहिलं, पण जे पहिल्याच दिवशी लिहायला हवं होतं तिथे मामा मूग गिळून बसले.

तिकडून उत्तर कधी आलं नाही. पण तक्रारही आली नाही. कटिंगवालीनं मनात आणलं असतं तर एका फोनमध्ये हे बंद झालं असतं. तिनं बंद केलं नाही, म्हणजे तिला ते हवं आहे, असा आपल्या सोयीचा अर्थ मामांनी काढला आणि त्या अर्थाच्या आधारावर दिवस ढकलले.

यंदा कंपनीनं प्रोग्रॅमवाल्या बाईंना आणलं. चाळिशीच्या, खणखणीत आवाजाच्या, खुर्चीत बसल्याबसल्या चपला उडवून देणाऱ्या. काम असं होतं की गिऱ्हाइकानं घरबसल्या ऑर्डर टाकायची आणि पुढचं सगळं आपोआप व्हायचं. ताव आपोआप मांडला जायचा, तिन्ही शहरांत जे मशीन मोकळं असेल तिकडे आपोआप जायचा. मामांना वाटलं, आता आपला गाशा गुंडाळायची वेळ आली. पण बाई त्यांच्या शेजारी खुर्ची टाकून बसल्या आणि म्हणाल्या, "मामा, मला यातलं ओ की ठो कळत नाही. तुम्ही शिकवायचं."

मामा खुलले. एकतीस वर्षांत असं कुणी विचारलं नव्हतं. चार महिने त्यांनी हातचं काही राखलं नाही.

एका जागी मात्र गाडी अडली. एक ताव लाखो तऱ्हांनी मांडता येतो, आणि त्यातली चांगली तऱ्हा शोधायला एका कॉम्प्युटरला अर्धा दिवस लागत होता. बाई डोक्याला हात लावून बसल्या. मामा म्हणाले, "बाई, फार घाई असली की मी तरी एकटा कुठे करतो? लेबलं एकाच्या पुढ्यात टाकतो, कार्डं दुसऱ्याच्या, पावत्या तिसऱ्याच्या. जो आधी मोकळा होईल त्याला पुढचं देतो. जोडायचं तेवढं मी जोडतो."

बाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. मग त्यांनी तेच केलं. त्या कोड्याचे तुकडे पाडले आणि तिन्ही छापखान्यांतल्या रिकाम्या बसलेल्या कॉम्प्युटरांना वाटून दिले. स्टोअरचा, हजेरीचा, स्वागतकक्षातला. "मालकांचा तर दिवसभर रिकामाच असतो," मामा म्हणाले, आणि बाई डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. अर्ध्या दिवसाचं काम चार मिनिटांवर आलं. मालकांनी या शोधाच्या पेटंटसाठी अर्ज करायचं ठरवलं, आणि बाईंनी हट्ट धरून शोधकांच्या यादीत मामांचं नाव घातलं. मामांना आनंद झाला. सांगायला घरी कुणी नव्हतं, म्हणून त्यांनी तो कोपऱ्यात लिहिला.

आणि त्या कोपऱ्यानंच घात केला. मांडणी कशी करायची हे शिकवायला बाईंनी प्रोग्रॅमला मामांचे आठ वर्षांचे ताव दाखवले होते. प्रोग्रॅम शहाणा निघाला. मामांच्या सगळ्या खुब्या उचलल्या, आणि दुसऱ्या शहराच्या दुपारच्या तावावर उजवीकडे खाली एक कार्डाची जागा तोही सोडायला लागला. कोपऱ्यातल्या मजकुराला ऑर्डरचा नंबर नव्हता, त्यामुळे प्रोग्रॅमच्या लेखी तिथे काहीच छापलेलं नव्हतं.

"मामा, ही जागा का सुटते?" बाईंनी विचारलं. "अर्जात कारण लिहावं लागेल."

"तिथल्या पात्याला लागते," मामा म्हणाले. खोटं बोलताना त्यांचे कान लाल झाले.

"मग ती कायमची ठेवू. तिथल्या कटिंगला एकदा लेखी विचारून घेते."

नको म्हणायची ती वेळ होती. मामा म्हणाले नाहीत. कारण त्यांच्या लक्षात आलं की आता लेकीला उत्तर द्यावंच लागणार. ती नुसतं "जागा लागते" म्हणाली असती तरी पुरे होतं. तेवढ्यावर प्रोग्रॅम तो कोपरा कायम सोडणार होता आणि मामांना रोज लिहिता येणार होतं. खरं म्हणजे त्यांची पक्की खात्री होती. ती तसंच म्हणेल, बापाला उघडं पाडणार नाही. दोन दिवस ते अशा तोऱ्यात वावरले की शिपायानं विचारलं, "मामा, बढती मिळाली का?"

तिसऱ्या दिवशी अकरा वाजता मेल आला. बाईंनी तो वाचला. मग स्क्रीन मामांकडे वळवला आणि पाणी आणायला उठून गेल्या.

"कटिंगला या जागेची गरज नाही," लेकीनं लिहिलं होतं. "या जागेत तीन वर्षं दोन-चार ओळी छापून येतात. त्या माझ्यासाठी असतात. मी त्या रोज वाचते. वाचल्यावर दिवसभर माझा हात थाऱ्यावर राहत नाही. हे पात्याचं काम आहे. गेल्या महिन्यात उजव्या हाताच्या बोटाला सात टाके पडले. माझी कुणाबद्दल तक्रार नाही. जागा भरून टाकावी, ही विनंती."

मामांनी ते दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचायला गेले तर अक्षरं दिसेनात. तीन वर्षं आपण तिच्या डोक्यावर हात फिरवतोय असं समजत होते, आणि तो हात तिच्या जखमेवर पडत होता. तिला ते थांबवताही येत नव्हतं, कारण वाचल्याशिवाय तिला राहवत नव्हतं. गेल्या महिन्यात कुठल्या दिवशी? काय लिहिलं होतं त्या दिवशी? "तुझी जुनी सायकल पुसून ठेवली," हे असेल का? मामा एकेक दिवस आठवत बसले आणि प्रत्येक ओळीवर त्यांना शंका येत गेली.

बाई पाणी घेऊन आल्या. "मला ठाऊक नव्हतं हो, मामा."

"तुम्हाला कुठून ठाऊक असणार."

"आजचा दुपारचा ताव अजून जायचाय," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "तो तुम्ही हातानं लावा. काय लिहायचं ते लिहा. मी बघत नाही." आणि त्या खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करून बसल्या.

मामांनी ताव उघडला. कोपरा रिकामा होता. आणि जे तीन वर्षांत सुचलं नव्हतं ते एका झटक्यात बोटांतून उतरलं. "त्या दिवशी मला भीती वाटली म्हणून मी आलो नाही. यायला हवं होतं. चुकलो, बाळा." एवढंच. किती सोपं होतं. हे पहिल्या दिवशी लिहिलं असतं तर बाकीचं काहीच लिहावं लागलं नसतं.

त्यांनी एंटरवर बोट ठेवलं. मग त्यांना ती दिसली. दुपारचा गठ्ठा आलाय, दोन्ही हातांनी कडा सारख्या करतेय, एका बोटाला पट्टी. गठ्ठा पात्याखाली सरकवायच्या आधी उजवीकडे खाली बघतेय, बघणारच. आणि बघितल्यावर पुढचे चार तास तिला तिथेच, त्याच पात्यापाशी उभं राहायचंय.

त्यांनी शेवटच्या अक्षरापासून खोडायला सुरुवात केली. सगळं खोडून झाल्यावर थांबलेल्या ऑर्डरींतून एका चष्म्याच्या दुकानाचं कार्ड ओढलं आणि त्या जागी ठेवलं. मग प्रोग्रॅममध्ये, कोपऱ्यात किती जागा सोडायची त्या चौकटीत, शून्य भरलं. ताव गेला.

"बाई," ते म्हणाले. "मेलला उत्तर देताना तेवढं विचाराल का, टाके काढले का म्हणून? माझं नाव नका घालू. तुम्हीच विचारताय असं लिहा."

बाईंनी लिहिलं. संध्याकाळी सहापर्यंत उत्तर आलं नाही, आणि सहापर्यंत मामा बाईंच्या स्क्रीनसमोरून हलले नाहीत.